मधूनमधून

कायमच्या बंद पडलेल्या यंत्राबद्दल मला आदर आहे. त्याच्या वागण्यात लपवाछपवी नसते. खरा छळ मांडतं ते मधूनमधून बिघडणारं यंत्र. घरी रात्रभर कण्हणारा रोगी डॉक्टरांसमोर खडखडीत बरा व्हावा, तशी आमची जुनी मोटारसायकल गॅरेजच्या दारात शिरली की एकदम धडधाकट होत असे.

तिचं दुखणं चार्जिंगचं. निघताना दिवा लख्ख, हॉर्न खणखणीत. अर्ध्या-पाऊण तासाने हॉर्नला पडसं होई, इंडिकेटर डोळे मिचकावायचा कंटाळा करी आणि पुढच्या दिव्याचा उजेड निरांजनाएवढा उरे. गाडी थंड झाली, की पुन्हा जणू काही घडलंच नाही! एकदा रात्री मुलीला स्टेशनवरून आणताना दोन्ही बाजूंना ऊस असलेल्या रस्त्यावर ते निरांजनही विझलं. समोरून येणाऱ्या ट्रकवाल्याला आम्ही वेळेवर दिसलो, म्हणून हे लिहायला मी आहे.

दुसऱ्या दिवशी घरात एकमताने ठराव झाला : विकून टाका. भंगारवालाही येऊन गाडीकडे तराजूच्या नजरेने बघून गेला.

आपल्याकडे औषधपाणी आणि मोटारसायकल या दोन विषयांत सल्ल्यांचा दुष्काळ कधी पडत नाही. शेजारचे अण्णा म्हणाले, "बॅटरी बदला." मेहुणे म्हणाले, "कॉईल जळली." ऑफिसातल्या एका गृहस्थांनी गाडी न बघताच रेग्युलेटरला दोषी ठरवलं. तिघांचाही मान राखायचा, तर जुनी अशी फक्त नंबरप्लेट उरली असती.

शेवटी वायरिंगचं काम करणाऱ्या एका काकांकडे गेलो. त्यांनी पान्याला हातच लावला नाही. विचारलं, "दुखतं केव्हा?"

"गरम झाल्यावर."

"मग थंड गाडी मला काय दाखवता, साहेब? जा, पाऊण तास फिरवून आणा. दिवा लावूनच!"

आणली. काकांनी इंजिन चालूच ठेवून बॅटरीला मीटर लावलं. बारा व्होल्टची बॅटरी भरलेली असली, की इंजिन बंद असताना साडेबाराच्या थोडं वर दाखवते. चार्जिंग नीट होत असेल तर चौदाच्या आसपास. आमची १२.१ वर बसून होती. मग मीटरची तार रेग्युलेटरच्या तोंडाशी टेकली, तर तिथे १४.४!

"बघा," काका म्हणाले, "दुकानदार माप बरोबर देतोय. वाटेत कोणीतरी हात मारतंय."

वाटेत होता एक कपलर. सीटखाली, ऊबदार जागी, तपकिरी पडलेला. काकांनी तो अंगठ्याने दाबला मात्र, बॅटरीवरचा आकडा टुणकन चौदावर! आतली पिन ढिली होऊन हिरवी पडली होती. थंड असताना कशीबशी टेकायची, तापली की अंग चोरायची.

जर्मनीच्या ओमसाहेबांनी १८२७ सालीच हा हिशेब छापून ठेवला आहे. अर्ध्या ओमच्या अडथळ्यातून साडेचार अँपिअर जायला लागले, की सव्वादोन व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. शिवाय त्या चिमुकल्या सांध्यात दहा वॉटची शेगडी पेटते. शेगडीने पिन आणखी ढिली होते, ढिली पिन शेगडी आणखी फुलवते. नवी बॅटरी घातली असती, तर तीही चार दिवसांत उपाशी पडली असती.

काकांनी नवी पिन दाबून बसवली, आणखी दोन सांधे घासून घेतले आणि एका मिसळीच्या किमतीएवढे पैसे मागितले.

सल्लागारांना हे मुळीच आवडलं नाही. "एवढ्याशा पिनेने?" अण्णा हिरमुसून म्हणाले. "तरी बॅटरी बदलून टाकायला हवी होती." भंगारवाला मात्र आशावादी माणूस. अजून महिन्यातून एकदा फाटकाशी येऊन विचारतो, "साहेब, काय ठरलं?"

मी उत्तर देत नाही. हॉर्न वाजवतो.