तेल जातं कुठे?

आमच्या जुन्या गाडीचं पॉवर स्टिअरिंग तेलावर चालतं. वळताना घुरघुर आली की आम्ही बॉनेट उघडायचो. डब्यातलं तेल खालच्या खुणेखाली दिसलं की भर घालायची आणि निर्धास्त व्हायचं.

ईदनंतर अम्मींना घेऊन चिपळूणहून कराडला निघालो. कुंभार्ली घाटात एका वळणावर स्टिअरिंग एकदम जड झालं. दोन्ही हातांचा जोर लावून गाडी कशीबशी कडेला घेतली. मागे अम्मी कलमा पढत होत्या. अल्लाहने वाचवलं.

मेकॅनिकने एकच विचारलं, "सर, हे तेल इंजिनात जळत नाही. मग कमी होतं, ते जातं कुठे?" पाइपच्या जोडातून गळत होतं. महिनोन्‌महिने आम्ही भर घालत होतो, गळती मात्र कधी शोधलीच नव्हती.

आता गाडीखाली रात्री पुठ्ठा ठेवतो, सकाळी डाग पाहतो. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलंच तेल वापरतो. स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवून धरून ठेवत नाही. पंपावर ताण येतो. तेल उतरलं, की आधी गॅरेज.

गाडीत बसलेली माणसं आपल्याकडे अमानत असतात. अम्मी आजही बसण्याआधी विचारतात, "गळत नाही ना, बेटा?" आम्ही वाकून पुन्हा एकदा पाहतो.