शेवटचा वाफा

शाळेची घंटा सर्व मुलांसाठी एकाच वेळी वाजते. फळा सर्वांसमोर एकच असतो आणि गुरुजींचा आवाजही सर्वांच्या कानी सारखाच पडतो. वरवर पाहणाऱ्याला वाटते की, येथे सगळे समान आहेत. परंतु ही मुले घंटेपूर्वी कोठे होती, हे विचारावे, म्हणजे निराळेच चित्र दिसू लागते. एक मुलगा पोटभर न्याहारी करून, गृहपाठावर वडिलांची नजर फिरवून घेऊन आलेला असतो. दुसऱ्याची आई उजाडण्यापूर्वीच खुरपणीला गेलेली असते. तो पाणी भरून, धाकट्या बहिणीला शेजारच्या आजींच्या ओसरीवर बसवून, लांबची वाट तुडवीत आलेला असतो. गणित मात्र दोघांना एकच घातले जाते!

फी माफ झाली की शिक्षण विनामूल्य झाले, अशी पुष्कळांची समजूत असते. पण वह्या हव्यात, गणवेश हवा, पायांत वहाणा हव्यात, रात्री अभ्यासाला दिवा हवा. शिवाय एक खर्च असा आहे, की जो कोणत्याच हिशेबाच्या वहीत मांडला जात नाही. मोठा झालेला मुलगा शेतावर गेला असता, तर संध्याकाळी घरात चार पैसे आले असते. तो शाळेत बसतो, तेव्हा त्या पैशांवर त्याच्या घराला पाणी सोडावे लागते. ज्या घरात चूल त्या दिवसाच्या मजुरीवर पेटते, त्या घराला हा त्याग केवढा जड जात असेल!

विहिरीचे पाणी पाटाने मळ्यात सोडतात, तेव्हा पहिले वाफे चटकन भिजतात. पुढे जाता जाता पाणी वाटेतच मुरते आणि शेवटच्या वाफ्यापाशी त्याची धार बारीक होते. दारे धरणारा जाणता शेतकरी प्रत्येक वाफ्याला मोजून सारखाच वेळ देत नाही. शेवटच्या वाफ्यापाशी तो अधिक वेळ उभा राहतो. त्यात पहिल्या वाफ्यावर अन्याय होत नाही. कारण पीक साऱ्या मळ्याचे यायचे असते. शिक्षणासाठी खर्च होणाऱ्या पैशालाही हाच न्याय लागू पडतो.

हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. 1882 साली हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी एक निवेदन सादर केले. सरकारी खजिन्यात जमा होणारा पैसा मुख्यतः शेतकऱ्यांच्या घामाचा आहे. परंतु त्यांच्या मुलांच्या शिक्षणावर मात्र तो पुरेसा खर्च होत नाही, हे त्यांनी निर्भीडपणे दाखवून दिले. त्या काळी शेतकरी जमीनमहसुलाच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड भरीत असे. त्या फंडाचा निम्मा भाग केवळ प्राथमिक शिक्षणासाठी राखून ठेवावा, अशी मागणी जोतीरावांनी केली. मागासलेल्या समाजांतील मुलांना शिष्यवृत्त्या आणि बक्षिसे द्यावीत, असेही त्यांनी सुचविले. गरिबाच्या मुलासाठी केलेला खर्च म्हणजे दान नसून त्याच्याच बापाच्या घामाची परतफेड आहे, हे या मागणीचे मर्म होय.

कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी या विचाराला राज्यसत्तेचे बळ दिले. 1917 साली त्यांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. जो पालक मुलाला शाळेत धाडणार नाही, त्याला दरमहा एक रुपया दंड ठेवला. परंतु केवळ दंडाने शाळा भरत नाही, हे ते जाणून होते. खेड्यातून आलेल्या मुलाने शहरात राहावे कोठे आणि जेवावे काय, हा प्रश्न त्यापूर्वीच त्यांच्या मनात उभा राहिला होता. म्हणून 1901 सालापासून त्यांनी कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांतील विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांना उदार आश्रय दिला.

अशाच एका वसतिगृहात कुंभोज गावचा एक विद्यार्थी राहून गेला. पुढे सारा महाराष्ट्र त्याला कर्मवीर भाऊराव पाटील या नावाने ओळखू लागला. 4 ऑक्टोबर 1919 या दिवशी कऱ्हाडजवळच्या काले या गावी भाऊरावांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. 1924 साली संस्थेचे ठाणे साताऱ्यास आले आणि तेथे त्यांचे वसतिगृह नावारूपाला आले. सर्व जातींची मुले तेथे एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एकाच पंगतीला बसत. त्या काळात ही गोष्ट सोपी नव्हती. 1927 साली महात्मा गांधींनी या वसतिगृहाला भेट दिली आणि त्याला छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले.

या मुलांच्या अन्नासाठी पैसा कोठून येई? भाऊराव गावोगाव हिंडत. दळायला बसलेल्या गृहिणीने मूठभर धान्य बाजूला काढून ठेवावे, अशी त्यांची विनवणी असे. त्या मुठी एकत्र येऊन पोती भरत. हाच तो मुष्टिफंड. ज्या माउलीच्या घरीच धान्य बेताचे, तिनेही एक मूठ द्यावी आणि कोणा परक्या मुलाच्या ताटात ती भाकरी होऊन पडावी, अशी ती योजना होती.

तरीही ओढगस्तीचे दिवस येतच. अशा वेळी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई पुढे होत. त्या घरच्या सुखवस्तू होत्या. परंतु मुलांसाठी त्यांचे दागिने एकेक करून गेले. शेवटी मुलांच्या जेवणासाठी त्यांनी गळ्यातील मंगळसूत्रही दिले. 1930 साली त्यांचे निधन झाले. ज्यांच्या ताटात त्या सोन्याचे अन्न झाले, ती मुले पुढे शिकून शहाणी झाली. सोन्याचे याहून मोठे मोल कोणत्या सराफाने केले असेल?

भाऊरावांचा आणखी एक कटाक्ष होता. घेणाऱ्याची मान खाली जाता कामा नये, असे त्यांना वाटे. म्हणून त्यांचे विद्यार्थी शेतात राबत, बांधकामावर दगडमाती वाहत आणि उरलेल्या वेळात अभ्यास करीत. ‘कमवा आणि शिका’ ही त्यांची योजना पुढे सर्वदूर प्रसिद्ध झाली. श्रमाने शिकलेला मुलगा कोणापुढे लाचार होत नाही, हा त्यांचा विश्वास होता.

परंतु एका माणसाच्या त्यागावर आणि मूठभर धान्यावर कोट्यवधी मुलांचा भार किती काळ टाकावा? हे काम शासनाचे आहे, हे हळूहळू देशाने मान्य केले. 2001 साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांतील मुलांना शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला. 2009 साली शिक्षणहक्काचा कायदा झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकाला मोफत शिक्षणाचा अधिकार मिळाला. मुष्टिफंडातील मूठ आता सरकारी खजिन्यातून येऊ लागली.

मात्र केवळ योजना आखून भागत नाही. तिच्यावर लक्षही ठेवावे लागते. महाराष्ट्रात 1992 साली दुर्बळ घटकांतील गरीब मुलींना प्राथमिक शाळेत हजर राहिल्याबद्दल दररोज एक रुपया भत्ता सुरू झाला. हेतू चांगला होता. पण पुढे तीस वर्षे लोटली, वहीची किंमत कितीतरी पटींनी वाढली, तरी तो रुपया एक रुपयाच राहिला. पाटात पाणी सोडले खरे. परंतु ते वाफ्यापर्यंत पोहोचते की नाही, हे पाहायला कोणीतरी तेथे उभे राहावे लागते.

देण्याची रीतही जपावी लागते. भर वर्गात उभे करून एखाद्याला ‘गरीब विद्यार्थी’ म्हणून वह्या दिल्या, तर वह्या मिळतात आणि मान जाते. तीच मदत हलक्या हाताने, गाजावाजा न करता दिली, तर ती हक्कासारखी स्वीकारता येते. शेजारी बसलेल्या मित्राचा गणवेश जुना दिसला, तर त्याविषयी मौन पाळणे आणि वहीचे पान मागितल्यास सहज फाडून देणे, हे तर कोणत्याही मुलाला करता येण्याजोगे आहे. त्यासाठी कायदा लागत नाही.

ज्याला थोडे अधिक द्यावे लागते, तो बुद्धीने कमी असतो असे नाही. त्याची वाट लांबची असते, एवढेच. त्या वाटेवर ज्यांना कोणाच्या तरी मुठीतील धान्य मिळाले, त्यांतील कितीतरी जण पुढे स्वतः शिक्षक झाले आणि खेड्यापाड्यांतील शाळांत शिकवू लागले. शेवटचा वाफा भिजला, म्हणजे त्यातूनही पुढच्या पेरणीचे बियाणे निघते.