टाचेतलं रक्त

आमची थोरली 2008 साली जन्मली तेव्हा साऱ्या मोहल्ल्याने तिच्या रंगाचं कौतुक केलं. आम्ही दोघंही सावळे, खानदानात कोणी गोरं नाही, आणि ही गोरीपान, केस भुरे. अम्मी रोज नजर उतरायच्या. खाला म्हणाली, "हिच्या रिश्त्याची फिकीर नको." तो रंग आजाराची खूण होती, हे कळायला अकरा महिने गेले.

तोवर ती बसत नव्हती, हाक मारली तर बघत नव्हती. तिच्या लंगोटाला उंदराच्या बिळासारखा कुबट वास यायचा. तावीज झाला, दर्ग्यावर नवस झाला, तीन डॉक्टरांची टॉनिकं झाली. शेवटी मिरजेतल्या एका बालरोगतज्ज्ञांनी त्या वासाबद्दल दोनदा विचारलं आणि रक्त मुंबईला पाठवलं. रिपोर्टात एकाच ओळीखाली रेघ मारलेली होती : फिनाइलअलनिन 26. एक डेसिलिटर रक्तात इतके मिलिग्रॅम. तुमच्या-आमच्या रक्तात ते एक-दोनच्या आसपास असतं.

आजाराचं नाव फिनाइलकिटोन्युरिया, डॉक्टरांच्या बोलीत पीकेयू. आपण डाळ, मटण, दूध, गहू काहीही खाल्लं तरी त्यातल्या प्रथिनांची शेवटी अमायनो ॲसिडं होतात. त्यातल्या फिनाइलअलनिनचं टायरोसिन करणारं एक एन्झाइम यकृतात असतं. ते काम करीत नसलं की फिनाइलअलनिन रक्तात साचतं आणि वाढत्या मेंदूची नासाडी करतं. टायरोसिन कमी पडलं की कातडीला, केसांना रंग देणारं द्रव्यही कमी पडतं. आईचं दूधसुद्धा मोजून द्यावं लागतं, हे ऐकून अम्मी डॉक्टरांवरच चिडल्या होत्या.

हा आजार उजेडात आला तोही एका आईच्या हट्टामुळे. नॉर्वेतल्या त्या बाईची दोन्ही मुलं मतिमंद, अंगाला चमत्कारिक वास. दारोदार फिरून ती 1934 साली आस्ब्यॉर्न फोलिंग या डॉक्टरांकडे पोचली. त्यांनी मुलांच्या लघवीत फेरिक क्लोराइड टाकलं, तर ती हिरवी झाली. नोबेल मिळवणाऱ्या लेखिका पर्ल बक यांची 1920 साली जन्मलेली मुलगीही याच आजाराची; तेव्हा मात्र आजाराला नावही नव्हतं. पुढे अमेरिकेत रॉबर्ट गथ्री यांनी 1960 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत टाचेला टोचून, रक्ताचे थेंब टिपकागदावर वाळवून तपासायची सोपी रीत बसवली. त्यांचा स्वतःचा मुलगा मतिमंद होता आणि मेहुणीच्या मुलीला पीकेयू होता. दुखणं घरात असलं की माणूस असा कामाला लागतो.

आपल्याकडे मात्र प्रत्येक नवजात बाळाची ही चाचणी झालीच पाहिजे असा देशभराचा नियम आजही नाही. ज्या दवाखान्यात थोरली जन्मली तिथे कोणी या चाचणीचं नाव काढलं नव्हतं.

धाकटी 2013 साली झाली. या वेळी तिसऱ्या दिवशी टाच टोचली, कागदावरचे थेंब वाळवले, साध्या पाकिटात घालून कुरिअरने पाठवले. हिचाही आकडा चढलेला निघाला. दुसऱ्या आठवड्यापासून पथ्य सुरू झालं. आज ती सहावी-सातवीची गणितं आम्हाला शिकवून बसली आहे, दहावीच्या उंबरठ्यावर आहे. थोरली पथ्यावर चालायला शिकली, थोडं बोलते, भांडी लावते, धाकटीची वेणी घालायला बघते. दोघी एकाच रक्ताच्या. फरक आहे तो अकरा महिन्यांचा.

पथ्य म्हणजे काय ते आमच्या ओट्यावरचा वजनकाटा सांगेल. दोघींना दिवसाला साधारण तीनशे मिलिग्रॅम फिनाइलअलनिन चालतं. एका अंड्यात तेवढं संपतं. डाळ नाही, मटण नाही, गव्हाची चपाती नाही. भात, बटाटा मोजून. उरलेली भूक आणि वाढ भागवायची ती फिनाइलअलनिन वगळलेल्या अमायनो ॲसिडांच्या पावडरीवर. तिचा वास असा की पाहुणे आले की आम्ही डबा आत ठेवतो. आमच्या मदतीला आला तो साबुदाणा, कारण त्यात प्रथिनं जवळजवळ नाहीतच. शेजारच्या काकू एकादशीला दाण्याचं कूट न घालता वेगळी खिचडी करून आणतात. हिंदूंच्या उपासाचं खाणं आमच्या घरी रोजचं झालं. थंड पेयाची 'शुगर-फ्री' बाटली मात्र दारात येऊ देत नाही. ॲस्पार्टेममध्येही फिनाइलअलनिनच असतं.

आणि तरी आकडा कधीकधी फसवतो. एकदा धाकटीला चार दिवस ताप होता, तिने भाताचं शितही खाल्लं नव्हतं, आणि आकडा अकरावर. असायला हवा दोन ते सहा. डॉक्टर म्हणाले, बाहेरून मिळालं नाही की शरीर स्वतःचेच स्नायू मोडतं, त्यातून ते सुटतं. हल्ली धडधाकट माणसंही हौसेने अमायनो ॲसिडांचं 'प्रोफाइल' काढून घेतात. कालच्या जेवणाने हलणाऱ्या आकड्यावरून पावडरी विकत घेतात. त्यांना आमचा कागद दाखवावासा वाटतो.

तापाची ती गोष्ट माहीत असल्यामुळेच 2022 च्या रमजानमध्ये आमची पंचाईत झाली. धाकटी नऊ वर्षांची. वर्गातल्या मैत्रिणींचे पहिले रोजे झाले, हार घातले, फोटो निघाले. हिने हट्ट धरला. मौलाना म्हणाले, लहान मुलावर रोजा फर्ज नाही, आजारी माणसाला तर सूट आहेच. तिला सूट नको होती, हार हवा होता. पावडर दिवसातून तीन-चार वेळा विभागून घ्यावी लागते, दिवसभर उपाशी राहणं नको, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मग त्या संध्याकाळी दस्तरखान तिने मांडला, घरच्यांना आणि काकूंना खजूर तिने वाटले. हार अम्मींनी घातला. कशाबद्दल, ते कोणी विचारलं नाही.

एक गोष्ट आमच्या बिरादरीत बोललेली आवडत नाही. आम्ही दोघं चुलत भावंडं. दोघांचे वडील सख्खे भाऊ. दवाखान्यातल्या अर्जावर 'नात्यात लग्न' या रकान्यात खूण झाली की समोरच्याची नजर आमच्या नावाकडे जाते. त्या नजरेला उत्तर आहे. मामाची मुलगी करण्याची चाल मराठा घरांतही आहे, आणि ज्या आयर्लंडमध्ये हा आजार खूप आढळतो तिथे चुलत भावंडांत लग्नं लागत नाहीत. पण ते उत्तर बाहेरच्यांसाठी. घरातल्यांसाठी हिशोब वेगळा आहे. आई-बाप दोघंही दोषाचे वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात चारातला एक धोका, आणि एकाच दादाची नातवंडं एकत्र आली की दोघंही वाहक निघण्याची शक्यता वाढते. हा हिशोब 'अल्लाची मर्जी' म्हणून गुंडाळून ठेवणं आम्हाला पटत नाही.

2021 च्या दुर्मीळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणात पीकेयू आहे, मुंबईचं केईएम रुग्णालय त्यातल्या केंद्रांपैकी एक आहे. धाकटीला उद्या मूल हवं असलं तर गरोदरपणाच्या आधीपासून आकडा खाली ठेवावा लागेल, नाहीतर निरोगी गर्भाचाही मेंदू बिघडतो. हे तिला आम्ही आत्तापासूनच सांगतो. ती कान झाकून घेते.

यंदा घरात नवा रिश्ता निघालाय : फुफीचा मुलगा, चाचाची मुलगी. आम्ही म्हटलं, आधी दोघांचं रक्त तपासा. वाहकाचं साधं अमायनो ॲसिड बहुधा ठीकच येतं, म्हणून जनुक तपासावं लागेल. आमच्या मुलींचा दोष नेमका कुठे आहे ते कागदावर आहे. चाचा उठून गेले. फुफी म्हणाल्या, "तुम्ही तर घरात शकच पेरला." दोन महिने येणं-जाणं बंद. मग एका रविवारी मुलगा आणि मुलगी दोघंच आली, त्या कागदाची झेरॉक्स मागून घेऊन गेली. नळ्या मुंबईला गेल्यात. रिपोर्ट यायचाय.