२५६ दिव्यांचा फलक

२०२५ च्या जयंतीला स्टेजवरचा दिव्यांचा फलक भाड्याने आणायचा नाही, घरीच करायचा, असा हट्ट आमच्या पुतण्याने धरला. विरोध केला तो आम्हीच. आम्ही मंडळाचे खजिनदार. वर्गणी देणाऱ्यांत धुणीभांडी करणाऱ्या बाया आहेत, सफाई कामगार आहेत, बिगारी आहेत. त्यांच्या घामाच्या पैशावर आयटीआयच्या पोराने प्रयोग करायचे? तेही बारावीला नापास झालेल्या पोराने? हे आम्ही भर बैठकीत बोललो. तो खाली मान घालून बसला. पण बैठकीने परवानगी दिली.

लॅमिंग्टन रोडवरून सामान आले. पिक्सेल पट्टीची ५ मीटरची दोन रिळे, मीटरला ३० दिवे. ५ व्होल्ट, २० अँपिअरचा पॉवर सप्लाय. आणि ईएसपी-३२ नावाचा बोटभर बोर्ड. या पट्टीतल्या प्रत्येक दिव्याच्या पोटात चिमुकली चिप असते. बोर्डाकडून आलेल्या निरोपातला आपला वाटा ती ठेवते आणि उरलेला पुढच्या दिव्याकडे धाडते. म्हणून प्रत्येकाचा रंग वेगळा ठेवता येतो. आणि म्हणूनच एक दिवा मेला की पुढची सगळी रांग बंद. सोल्डरिंग करताना आमचाही एक जळाला. तो कापून दुसरा जोडला.

१६ ओळी, ओळीत १६ दिवे. पहिल्या चाचणीला वरच्या ओळी पांढऱ्या, मधल्या पिवळट, खालच्या तांबूस! आम्ही म्हणालो, "माल नकली आहे. पावती काढ, चल दुकानात." पुतण्याने शांतपणे मीटर लावला. सुरुवातीला ५ व्होल्ट, शेवटी ४ सुद्धा नाहीत.

"काका, आपल्या चाळीत शेवटच्या खोलीला पाणी किती येतं?"

मग डोक्यात प्रकाश पडला. एक दिवा पूर्ण पांढरा पेटला की सुमारे ६० मिलीअँपिअर घेतो. २५६ दिव्यांचे होतात १५ अँपिअरच्या वर. हा गुणाकार तरी आम्हाला करता येतो. एवढा प्रवाह पट्टीतल्या पातळ तांब्यातून जाताना वाटेत व्होल्ट गळतात. तांबड्याला दोनएक व्होल्ट पुरतात, निळ्या-हिरव्याला तीनच्या आसपास लागतात, म्हणून आधी निळा मंदावतो. पुतण्याने दर चार ओळींना जाड वायरने सप्लायमधून थेट ५ व्होल्ट दिले, प्रोग्राममध्ये उजेडही कमी केला. शेवटची ओळ पहिलीसारखी पांढरी झाली.

आता उजेड डोळ्यांत सुयांसारखा टोचू लागला. दिव्यांवर बटरपेपर चिकटवून पाहिला, तरी ठिपके ते ठिपकेच. कागद दिव्यापासून दूर हवा. दोन दिव्यांत सव्वातीन सेंटिमीटर अंतर, तेवढीच खोली ठेवली. मध्ये पुठ्ठ्याच्या उभ्या-आडव्या भिंती घालून २५६ खण केले, म्हणजे शेजाऱ्याचा रंग शेजाऱ्याकडे जात नाही. पुठ्ठा आमच्या जुन्या फायलींचा. (घरच्या; कचेरीतल्या नव्हेत!) खण आतून पांढरे रंगवले आणि भिंतींना टेकवून ३ मिलिमीटरचे दुधी ॲक्रिलिक बसवले. ठिपके गेले, उजेडाचे चौकोन झाले.

अक्षरांचे काम मात्र आमच्याकडे आले. रोमन लिपीची तयार अक्षरे मिळाली. आपल्या लिपीला वर वेलांटी, खाली उकार, मध्ये शिरोरेषा. चौकटीच्या वहीत आम्ही चौथ्या ओळीवर शिरोरेषा धरली आणि 'भी'च्या वेलांटीला वरच्या तीन ओळी दिल्या. चार रात्री खोडरबर झिजवला. तरी लावल्यावर अक्षरांच्या चिंध्या! दिव्यांच्या ओळी नागमोडी जोडलेल्या. एक डावीकडून, पुढची उजवीकडून. प्रोग्राममध्ये एकाआड एक ओळ उलटवल्यावर अक्षरे जुळली.

१३ एप्रिलच्या रात्री 'जय भीम' फलकावर सरकू लागले. समोरच्या ओट्यावरच्या आजी नुकत्याच साक्षर झालेल्या. एकेक अक्षर लावत त्यांनी मोठ्याने वाचले. पुतण्या वायर गुंडाळत होता. त्याने वर पाहिले.

हिशेबाच्या बैठकीत आम्ही आधी ते वाक्य मागे घेतले, मग पावत्या वाचल्या. ३०० दिवे आणले, २५६ लावले, १ जळाला. शिल्लक ४३. ते पुतण्याच्या ताब्यात आहेत. अभ्यासिकेसाठी घड्याळ करतो म्हणतो.