दिव्याखालीं उजेड

“दिव्याखालीं अंधार” ही म्हण ज्या काळीं जन्मास आली, त्या काळीं घरोघर समई किंवा पणती असे. ज्योत वर आणि तेलाचें पात्र खालीं. त्यामुळें पात्राची सावली बुडाशीं पडावयाची, आणि जगास उजेड देणाऱ्याच्या पायांशीं काळोख असतो असा बोध लोकांनीं त्यांतून घेतला. रस्त्यावरचा हल्लींचा दिवा खांबास उलटा टांगलेला असतो. त्याच्या खालीं उजेड असावा आणि वर अंधार असावा हीच त्याची योग्य रीत होय. परंतु आपल्या वस्त्यांतून पाहावें तों दिव्याच्या खालीं उजेड आहे, बाजूस आहे, लोकांच्या माजघरांत आहे, झाडांच्या शेंड्यांवर आहे, आणि आकाशांतही आहे. हा न मागतां मिळालेला उजेड हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

विषय ऐकून कित्येक वाचक हसतील. अंधाराची तक्रार करणारे पुष्कळ भेटतात. उजेडाची तक्रार करणारा मनुष्य विक्षिप्त समजला जातो. उजेड म्हणजे ज्ञान, धैर्य व सदाचार, आणि अंधार म्हणजे अज्ञान, भय व दुराचार, असें आम्हां शिक्षकांनींच वर्षानुवर्षें फळ्यावर लिहून दिलें आहे, व विद्यार्थी तें निबंधाच्या वह्यांत इमानानें उतरून घेत आले आहेत. रूपक या नात्यानें तें खोटें नाहीं. पण रूपक निराळें आणि विजेचा खांब निराळा.

आमची आळी जुनी आहे. घरें बैठीं, पुढें ओटा, मागें परसूं. रस्ता एवढा अरुंद कीं समोरासमोर दोन रिक्षा आल्या तर एकीनें मागें सरावें. चार वर्षांपूर्वींपर्यंत येथें सोडियमचे पिवळे दिवे होते. त्यांतले दोन बहुधा बंदच असत. पुढें एके दिवशीं शिडीची गाडी आली आणि सायंकाळपर्यंत सर्व खांबांवर पांढरे एल.ई.डी. दिवे झळकूं लागले. त्या रात्रीं आळींत जणूं सण होता. मुलें नऊ वाजेपर्यंत चेंडूफळी खेळलीं, वृद्ध मंडळी ओट्यावर येऊन बसली, आणि गटारावरची फुटकी फरशी सर्वांस प्रथमच स्पष्ट दिसली.

माझ्या घरासमोरच्या खांबावरील दिव्याची भुजा मात्र थोडी वर उचललेली राहिली. त्यामुळें त्याचा झोत रस्ता ओलांडून थेट त्या खिडकींत येऊं लागला, जिच्यापाशीं माझ्या आईची खाट आहे. आईचें वय ऐशींच्या पुढें गेलें आहे. तिसऱ्या रात्रीं एक वाजतां तिनें मला हांक मारून विचारिलें, “अरे, उजाडलें का? मला उठवलें कसें नाहीं?” मीं तिला घड्याळ दाखविलें. तिच्या उशीवर वर्तमानपत्र ठेविलें असतें तर त्याचे मथळे सहज वाचतां आले असते. मग आम्हीं जाड पडदा लाविला. उजेड थांबला, पण वाराही थांबला. आणि वैशाखांतली ती रात्र होती. आईस वारा द्यावा कीं अंधार द्यावा, हा प्रश्न त्यानंतर कित्येक रात्रीं आमच्या घरांत उभा राहिला.

येथें थोडें शास्त्र सांगणें अवश्य आहे. डोळ्याच्या पडद्यांत, पाहण्याचें काम करणाऱ्या पेशींखेरीज, आणखी एका प्रकारच्या पेशी असतात. बाहेर दिवस आहे कीं रात्र ही वर्दी मेंदूस देणें हें त्यांचें मुख्य काम. सुमारें ४८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या निळसर प्रकाशानें त्या विशेष चेतविल्या जातात. तसा प्रकाश रात्रीं डोळ्यांवर पडत राहिला कीं मेलॅटोनिन नांवाचें जें संप्रेरक शरीरास रात्रीची जाणीव देतें, त्याचें स्रवण मंदावतें. आतां पांढरा एल.ई.डी. दिवा बनतो कसा? आंत निळा प्रकाश देणारा बारीक तुकडा असतो व त्यावर पिवळट लेप असतो. दोहोंच्या मिश्रणानें पांढरा प्रकाश निघतो. या निळ्या तुकड्याच्या शोधाबद्दल आकासाकी, अमानो व नाकामुरा या शास्त्रज्ञांस २०१४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. प्रकाशाचा रंग केल्व्हिन या मापांत सांगतात. मेणबत्तीचा सुमारें १९००, जुन्या तारेच्या दिव्याचा २७००, आणि पांढऱ्या एल.ई.डी. दिव्यांचा बहुधा ४००० ते ६५००. आंकडा जितका मोठा तितका निळा अंश अधिक. माझ्या आईस एक वाजतां पहाट झाल्यासारखें वाटलें, यांत तिच्या वयाचा दोष कांहींच नव्हता.

नव्या दिव्यांनीं विजेची मोठी बचत झाली हें मी विसरत नाहीं. २०१५ सालीं आपल्या देशांत रस्त्यांवरचे दिवे बदलण्याची राष्ट्रीय योजना सुरू झाली, व तींत १ कोटीहून अधिक एल.ई.डी. दिवे बसविण्यांत आले. जुने दिवे परत आणा असें म्हणणें अविचाराचें होईल. शिवाय आमच्या आळींतच या दिव्याच्या बाजूनें बोलणारी एक व्यक्ति होती, आणि तिचें म्हणणें मला दिव्याच्या झोताहून अधिक टोंचलें.

समोरच्या घरांत एक विधवा बाई राहतात. त्यांची कन्या रुग्णालयांत परिचारिका आहे. तिची पाळी संपून घरीं येण्यास रात्रीचे साडेदहा होतात. मीं दिव्याविषयीं अर्ज करण्याचा विषय काढिला तेव्हां त्या म्हणाल्या, “मास्तर, तुमच्या आईंची झोप मोडते हें मला दिसतें. पण हा दिवा लागण्याआधीं मी रोज रात्रीं कोपऱ्यापर्यंत जाऊन उभी राहत असें. आतां ओट्यावरूनच पोर येतांना दिसते. तुम्ही दिवा काढायला सांगाल तर माझी सही मिळायची नाहीं.”

यास काय उत्तर द्यावें? एका बाजूस वृद्धेची झोप, दुसऱ्या बाजूस तरुण मुलीची सुरक्षितता. दोहोंपैकीं एकच पत्करावयाचें असतें तर मीं अर्जाचा कागद फाडून टाकिला असता. परंतु दोन रात्रीं आळींत फिरून पाहिल्यावर मला असें दिसलें कीं, तो दिवा त्या बाईंचें कामही धड करीत नव्हता. झोत वर उचललेला असल्यामुळें कोपऱ्यावरून येणाऱ्याच्या डोळ्यांतच तो शिरे. तीव्र प्रकाश डोळ्यांत गेला कीं बाहुली आकुंचन पावते, आणि मग आसपासची सावली आहे त्याहून अधिक काळी भासते. अंधारास पूर्णपणें सरावण्यास डोळ्यास वीस ते तीस मिनिटें लागतात; तो सराव एका क्षणांत नाहींसा होतो. खांबाच्या पलीकडे जुन्या वाड्याची पडकी भिंत आहे. तिच्या आडोशास कोणी उभा राहिला तर तो त्या मुलीस दिसला नसता; ती मात्र त्यास लख्ख दिसली असती. बाईंस मीं त्यांच्या ओट्यावरून खालीं आणून कोपऱ्यावर उभें केलें व भिंतीकडे पाहावयास सांगितलें. त्या बराच वेळ डोळ्यांवर हात धरून पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “दिवा राहूं द्या, पण त्याचें तोंड खालीं करा, असें लिहा. मग मी सही करतें.”

अर्ज तसाच लिहिला. दिवा काढा असें त्यांत एक अक्षरही नव्हतें. भुजा आडवी करावी, घराच्या बाजूनें पत्र्याची आडझांप लावावी, व दिवा बदलण्याची वेळ येईल तेव्हां ३००० केल्व्हिनच्या आंतला पिवळसर दिवा बसवावा, एवढ्या तीनच मागण्या होत्या. अकरा घरांच्या सह्या झाल्या. त्यांत पहिली सही समोरच्या बाईंची होती. हेलपाटे घालावे लागले, हें सांगावयास नकोच. दोन महिन्यांनीं दोघे तारयंत्री शिडी घेऊन आले, व अर्ध्या तासांत त्यांनीं भुजा वांकविली आणि आडझांप बसविली. त्या रात्रीं खांबाखालचा रस्ता पूर्वींपेक्षां उजळ दिसला, पडक्या भिंतीचा पायथा दिसूं लागला, आणि माझी आई खिडकी उघडी ठेवून निजली. तिसरी मागणी अद्यापि कागदावरच आहे.

या खटपटींत मला एका गोष्टीची जाणीव झाली. आमच्या आळीचा प्रश्न पत्र्याच्या तुकड्यानें सुटला. आकाशाचा तसा सुटत नाहीं. वर गेलेला प्रकाश हवेंतील धुळीवर व वायूंच्या कणांवर आदळून पसरतो. ज्या कारणानें दिवसा आकाश निळें दिसतें त्याच कारणानें निळा प्रकाश अधिक विखुरतो, म्हणून पांढऱ्या दिव्यांची झळाळी आकाशांत विशेष चढते. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक नकाशावरून असें दिसून आलें कीं, जगांतील शेंकडा ८० हून अधिक लोक प्रकाशानें मळलेल्या आकाशाखालीं राहतात, व सुमारें एक तृतीयांश लोकांस घरून आकाशगंगा दिसत नाहीं. पुढें २०२३ सालीं, २०११ ते २०२२ या काळांत हजारों सामान्य नागरिकांनीं केलेल्या निरीक्षणांवरून शास्त्रज्ञांनीं अनुमान काढिलें कीं, आकाशाची ही झळाळी दरवर्षीं सरासरीनें शेंकडा ९.६ वाढत आहे. म्हणजे ज्या ठिकाणीं मूल जन्मतांना २५० तारे दिसत, तेथें तें अठरा वर्षांचें होईपर्यंत १०० च उरतील.

आपल्याकडे विवाहांत वधूवरांस अरुंधतीचा तारा दाखविण्याची चाल आहे. सप्तर्षींतील वसिष्ठाच्या अगदीं लगत हा बारीक तारा असतो. मोठ्या शहरांत आतां वसिष्ठ कसाबसा दिसतो आणि अरुंधती दिसत नाहीं. महाराष्ट्रांतील थोर ज्योतिर्विद शंकर बाळकृष्ण दीक्षित हे पेशानें शाळाशिक्षकच होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनीं सामान्य वाचकांसाठीं ‘ज्योतिर्विलास’ हें पुस्तक लिहिलें व त्यास ‘रात्रीची दोन घटका मौज’ असें दुसरें नांव दिलें. ती मौज लुटण्यास त्या काळच्या मुलास अंगणांत येण्यापलीकडे कांहीं करावें लागत नसे. आज तेंच पुस्तक हातीं घेऊन आमच्या अंगणांत उभें राहिलें, तर पुस्तक वाचतां येईल. तारे मात्र दिसणार नाहींत.

मनुष्येतर प्राण्यांची हानि तर याहून मोठी आहे. रत्नागिरी जिल्ह्यांतील वेळास येथें सागरी कासवांचीं पिलें वाळूंतून बाहेर पडतात तेव्हां जी दिशा अधिक उजळ तिकडे धांवतात. निसर्गतः ती दिशा समुद्राची असते. किनाऱ्यावर प्रखर दिवा असला तर तीं पिलें गांवाकडे वळतात व प्राणांस मुकतात. भंडारदरा व पुरुषवाडी या बाजूस मृगाच्या आधीं झाडेंच्या झाडें काजव्यांनीं लुकलुकतात. तो लुकलुकाट म्हणजे नरमादींची परस्परांस दिलेली खूण होय. परका झोत पडला कीं ती खूण पुसली जाते.

उपाय नाहीं असें मात्र नाहीं. नागपूर जिल्ह्यांतील पेंच व्याघ्र प्रकल्पास जानेवारी २०२४ मध्यें भारतांतील पहिलें ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यासाठीं जवळच्या चार गांवांतील शंभरांहून अधिक दिवे बदलून त्यांचीं तोंडें खालीं करण्यांत आलीं. तेथील गांवकरी अंधारांत चांचपडत नाहींत. पौर्णिमेचें चांदणें जेमतेम पाव लक्स भरतें, आणि कमी रहदारीच्या रस्त्यास सरासरी ४ लक्स उजेड आपल्या भारतीय मानकानें पुरेसा धरिला आहे. चांदण्याच्या सोळा पट उजेड जेथें पुरतो, तेथें त्याहून कितीतरी अधिक ओतण्यांत कोणाचेंच हित नाहीं.

पालकांस माझी एवढीच विनंति आहे कीं, प्रथम आपापल्या ओट्यावरील दिव्याकडे पाहावें. त्याचा उजेड आपल्या पायरीवर पडतो कीं शेजाऱ्याच्या उशीवर? तो रात्रभर जळण्याची गरज आहे काय? दिवाळीचा आकाशकंदील आणि नाताळची चांदणी यांनीं आळीस शोभा येते. पण मंडळी निजावयास गेल्यावर त्यांसही निजूं द्यावें. तक्रार करणें झाल्यास ती ज्यास दिवा हवा आहे त्यास बरोबर घेऊन करावी. अकरा सह्यांपैकीं पहिली सही त्याचीच असावी.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांस एक अभ्यास देतों. त्यास गुण नाहींत. येत्या जानेवारींत अमावास्येच्या सुमारास रात्रीं नऊ वाजतां गच्चीवर किंवा मैदानांत जा, दिव्यांकडे पाठ करा, आणि वीस मिनिटें डोळे सरावूं द्या. मग कृत्तिकांच्या झुबक्यांत किती तारे मोजतां येतात तें पाहा. निर्मळ आकाशांत साधारण दृष्टीच्या मनुष्यास सहा दिसतात. तुम्हांस जितके दिसतील तितके दिनांक घालून वहींत लिहून ठेवा, आणि पुढील वर्षीं त्याच सुमारास पुन्हां मोजा. मीं गेल्या जानेवारींत आमच्या ओट्यावरून मोजले. मला दोन दिसले. आडझांप बसल्यावरही दोनच. आमच्या खांबावरचा दिवा बदलला तर तिसरा दिसेल किंवा नाहीं हें एका आळीच्या हातीं नाहीं; तें साऱ्या गांवाच्या हातीं आहे, आणि ह्या गांवाचे अर्ज लिहिणारे हात आज आमच्या शाळेच्या बांकांवर आहेत.