छर्रा प्लेटला टेकतो तेव्हा

दोन वस्तू एकमेकींना टेकतात, या एवढ्याशा गोष्टीत केवढं विश्व दडलंय! वस्तूचे बारीक तुकडे पाडून गणित करणाऱ्या फायनाइट एलिमेंट पद्धतीत काँटॅक्टचं, म्हणजे स्पर्शाचं, गणित पहिल्यांदा सोडवलं आणि तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही.

मांडणी अगदी साधी. २० मिलिमीटर व्यासाचा पोलादी छर्रा, खाली पोलादी प्लेट. आधी काँटॅक्ट मुद्दाम दिलाच नाही. छर्रा खाली ढकलला, तर तो प्लेटमधून भुतासारखा आरपार गेला! सॉफ्टवेअरच्या लेखी ते नुसते नोडचे, म्हणजे तुकडे जोडणाऱ्या बिंदूंचे, दोन संच. एका जागी दोन वस्तू मावत नाहीत, हे तान्ह्या बाळालाही कळतं. इथे ते समीकरणात लिहावं लागतं. फट ऋण होता कामा नये. दाब फक्त ढकलणारा, ओढणारा नाही. आणि फट असेल तिथे दाब शून्य. बस्स, एवढंच!

पण टेकणार कुठले नोड? ते आधी कुणालाच ठाऊक नसतं. भार वाढला की छर्रा चपटा होतो, स्पर्श पसरतो, दाब बदलतो, त्याने आकार पुन्हा बदलतो. समीकरणं सोडवणारा सॉल्व्हर अंदाज बांधतो, आत घुसलेले नोड धरतो, ओढले जाणारे सोडतो, की पुन्हा पहिल्यापासून. पेनल्टी पद्धतीत घुसलेल्या प्रत्येक नोडला एक काल्पनिक स्प्रिंग मागे रेटते. ती मऊ असली तर घुसखोरी उरते, फार ताठ केली तर गणित कन्व्हर्जच होत नाही, उत्तरावर स्थिरावत नाही.

आणि मग हर्ट्झ! हो, रेडिओलहरी सिद्ध करणारा तोच. १८८० च्या नाताळच्या सुट्टीत, वयाच्या २३ व्या वर्षी, काचेच्या भिंगांचा विचार करता करता त्याने हे कोडं कागदावर सोडवलं. १०० न्यूटन, म्हणजे जेमतेम दहा किलोचा भार. त्याच्या सूत्रानुसार स्पर्शाचं वर्तुळ फक्त ०.३७ मिलिमीटर व्यासाचं, मध्यभागी दाब सुमारे १,३७० मेगापास्कल. स्पर्शाजवळ मेश, म्हणजे तुकड्यांची जाळी, बारीक केली आणि माझा आकडा तिथेच येऊन बसला! सर्वाधिक कातर ताण तर पृष्ठभागावर नव्हताच, जवळपास ०.०९ मिलिमीटर खाली होता. बेअरिंगमधले कितीतरी तडे पृष्ठभागाच्या आतून का सुरू होतात, ते पडद्यावर लाल रंगात समोर होतं.

कॅल्क्युलिक्स हे फायनाइट एलिमेंट सॉफ्टवेअर मोफत मिळतं. उतरवून घ्या, हाच छर्रा ठेवा आणि भार आठपट करा. वर्तुळाचा व्यास फक्त दुप्पट होतो. सूत्रावर विसंबू नका, स्वतः मोजून बघाच!