बत्तीस खण

प्रत्येक माणसाला आयुष्यात एकदा तरी कुणीतरी चुकून तज्ज्ञ समजतं. माझ्या बाबतीत हा अपघात वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी झाला. मी बी.कॉम. झालेला बँकेतला कारकून. रचनाशास्त्रात माझ्या नावावर एकच कामगिरी जमा आहे. आमच्या शाखेच्या रेकॉर्ड रूममध्ये शिपायाला तिरकं होऊन शिरावं लागे. तिथली जुनी लेजरं मी अशी काही रचली की शिपाई सरळ आत जाऊ लागला आणि दुपारी आडवाही होऊ लागला.

ही कीर्ती ताईच्या कानावर गेली. ताईचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, नागपूरला दाताचा डॉक्टर झाला आणि चक्क गोंदियाला परत आला. आमच्याकडून नागपूरला गेलेला माणूस सहसा दिवाळीलाच परत येतो, तोही परतीचं तिकीट काढून. हा मात्र दवाखाना काढायला आला. पण जागा? १ मे १९९९ ला गोंदियाने भंडाऱ्यातून निघून वेगळं बिऱ्हाड मांडलं, तेव्हापासून आमचं गाव तालुक्याच्या सवयींचं राहिलं तरी भाडी जिल्ह्याच्या दर्जाची झाली. म्हणून ठरलं की घराच्या दर्शनी खोलीतच खुर्ची टाकायची.

ही खोली दहा फूट बाय नऊ फूट. चार वर्षांपूर्वीपर्यंत तिथे भाऊजींची गादी होती. भाऊजी तांदळाचे दलाल. पांढरं धोतर, काळी टोपी, आणि मागे भिंतीला लागून सागवानी नमुन्यांचं कपाट. त्याच्या एकेका खणात एकेका जातीचा तांदूळ आणि खणावर भाऊजींच्या अक्षरातली चिठ्ठी: चिन्नोर, लुचई, हिरानक्की, एचएमटी. ते गेल्यापासून खोली बंदच होती.

"तू तेवढं कपाटांचं बघ," ताई म्हणाली. "नागपूरच्या लोकांनी तयार कपाटांचा भाव सांगितला. एवढ्यात माझं लग्न दोनदा झालं असतं."

मी कागद, पट्टी, पेन्सिल घेऊन बसलो. पहिलाच आराखडा असा झकास उतरला की मलाच माझी भीती वाटली. चारी भिंतींना दोन-दोन फूट खोल कपाटं, छतापर्यंत. सुई ठेवायला जागा नको होती ना, तर मी सुईचेही चार खण काढले. भाच्याने आराखडा पाहिला आणि नम्रपणे विचारलं, "मामा, पेशंट कुठे बसवायचा?"

मग त्याने मला शिकवणी दिली. दाताच्या डॉक्टरांच्या लेखी पेशंटचं तोंड हे घड्याळ असतं. डोक्यामागे बारा, पायांकडे सहा. उजव्या हाताचा डॉक्टर सातपासून बारापर्यंत फिरतो, मदतनीस दोन ते चारमध्ये बसते. हत्यारांची देवघेव चार ते सातमध्ये, छातीच्या वर, म्हणजे चिमटा निसटला तरी डोळ्यात पडत नाही. आणि बारा ते दोन ही जागा कुणाचीच नाही. स्थावर सामान तिथे. मी म्हटलं, "आमच्या बँकेतही बारा ते दोन कुणी जागेवर नसतं." तो हसला नाही. डॉक्टर झाल्यापासून तो माझ्या विनोदांवर उपचार करत नाही.

"आणि मामा," तो म्हणाला, "हात लांबवला की वस्तू मिळाली पाहिजे. दर वेळी उठून वळलो तर दहा वर्षांत माझीच पाठ जाईल."

तेव्हा मी कागद बाजूला ठेवला आणि प्रात्यक्षिक करायचं ठरवलं. खुर्चीच्या जागी बाज टाकली. कपाटांच्या जागी जुनी वर्तमानपत्रं मापाने कापून जमिनीवर चिकटवली. पेशंट म्हणून मी आडवा झालो. भाचा डोक्यामागे स्टुलावर, आणि मदतनीस म्हणून ताई चार वाजता उलथणं घेऊन. हिशेब असा निघाला: लांबी दहा फूट; त्यातून पसरलेली खुर्ची सहा फूट वजा, पायांकडे येण्याजाण्यापुरता एक फूट वजा, डॉक्टर, त्याचे गुडघे आणि स्टूल मिळून दोन फूट वजा. शिल्लक एक फूट. बावीस वर्षं लोकांना शिल्लक सांगत आलो, पण इतकी करुण शिल्लक मी कधी सांगितली नव्हती. माझ्या दोन फुटी कपाटावर भाचा बसलेला होता.

तेवढ्यात मिस्त्री आले. त्यांनी दारातून पाहिलं: बँकेतले साहेब बाजेवर तोंड उघडून पडलेले, उशाशी भाचा, बाजूला उलथणं घेतलेली बहीण. बिचारे चप्पल काढून हळूच म्हणाले, "केव्हापासून असं आहे जी?"

मिस्त्री माणूस हुशार. रिकामी जागा दिसली की त्यांचा रंधा शिवशिवतो. बेसिनखाली पोकळी पाहून म्हणाले, "इथं मस्त कपाट होते जी." मलाही पटलं. भाचा म्हणाला, तिथे निर्जंतुक सामान मुळीच नाही. नळ कधी ना कधी गळतो, आणि पाकीट ओलं झालं की आतलं हत्यार निर्जंतुक राहत नाही. मग कळलं की इथली जागा नुसती वाचवायची नसते, तिला सोवळं-ओवळंही असतं. वापरलेली हत्यारं एका टोकाला बेसिनपाशी यायची, धुवायची, पाकिटात भरायची, ऑटोक्लेव्हमध्ये १५ पौंड दाबाखाली १२१ अंशांवर वाफवायची आणि दुसऱ्या टोकाला कोरड्या, बंद खणात जायची. मागे फिरायचं नाही. ("म्हणजे कुकरच की," ताई म्हणाली, आणि तेवढं खरंच होतं.) आधी ठेवलेलं पाकीट आधी निघालं पाहिजे, हे ऐकल्यावर मात्र मी बाजेवरून उठून बसलो. हा तर आमचा फिफो! बी.कॉम.ला पाठ केलेली एक गोष्ट अखेर कुणाच्या तरी दाताला लागली. कचऱ्याचेसुद्धा चार रंग: रक्ताळलेला कापूस पिवळ्यात, हातमोजे लाल्यात, सुया पांढऱ्या न भोसकणाऱ्या डब्यात, काच निळ्यात. २०१६ च्या नियमांत हे सगळं लिहिलेलं आहे. आमच्या घरात एकच बादली, आणि तिच्यावरूनही भांडणं.

सगळं जमलं, पण डोक्यामागचा तो एक फूट जमेना. मिस्त्री म्हणाले, "प्लाय नवा लागन. मग हे जुनं कपाट काढून टाकू. गिऱ्हाईक आहे माझ्यापाशी. सागवान आहे, पैसे येतीन."

"काढा," ताई म्हणाली. आणि उलथणं घेऊन आत गेली.

आता तुम्हाला सांगतो, माझी बहीण काही देताना घासाघीस केल्याशिवाय राहत नाही. भंगारवाल्याशी ती रद्दीच्या किलोवरून अर्धा तास बोलते. सागवानी कपाटाचा तिने भावही विचारला नाही. हिशेबात काहीतरी चुकत होतं, आणि हिशेब चुकला की मला कळतं. पगार त्याचाच मिळतो.

मी पट्टी घेऊन कपाटाकडे गेलो. खोली मोजली. साडेअकरा इंच. पुन्हा मोजली. साडेअकराच! तांदळाच्या नमुन्याला मूठभर जागा पुरते, कपाट खोल असायचं कारणच नव्हतं. रुंदी चार फूट, उंची अडीच. भाचा खण मोजत होता. चार ओळी, एका ओळीत आठ.

"मामा," तो म्हणाला, "तोंडाचे चार भाग, प्रत्येकात आठ दात. बत्तीस."

पुढे तो काही बोलला नाही. भाऊजी दाणा दाताखाली फोडून तांदळाचा ओलावा सांगत. कडकन वाजला की वाळलेला, दबला की ओला. तीस वर्षं तो मीटर बिनचूक चालला आणि एक दिवस दाण्याऐवजी दाढच कडकन वाजली. तेव्हा हा चौथीत होता. तुटलेला तुकडा त्याने याच कपाटात, चिन्नोरच्या खणात, बरेच दिवस जपून ठेवला होता.

मिस्त्रींनी डोकं खाजवलं. जुन्या लाकडाच्या फटी पुसता येत नाहीत, ही अडचण खरी होती. मग प्रत्येक खणाला आतून गुळगुळीत सनमायका, वरच्या फळीलाही तोच, आणि निर्जंतुक पाकिटांसाठी शेजारी वेगळा बंद स्टीलचा खण. कपाट होतं तिथेच राहिलं. फक्त त्याच्या आता बारा वाजल्या होत्या. ताईला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "चहा ठेवते." साखर दुप्पट पडली होती.

पहिला पेशंट मीच. दाढ बधिर, जीभ बधिर, म्हणजे ग्राहकाने काही विचारलं तरी उत्तर न देण्याची सोय प्रथमच वैद्यकीय कारणाने. चिठ्ठ्या भाच्याने काढल्या नाहीत, वरून प्लास्टिक लावलं. त्यामुळे मदतनीस मुलीला नवी नावं पाठ करावी लागली नाहीत. हातमोजे एचएमटीत, कापूस चिन्नोरमध्ये. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागड्यांनी शोधलेल्या त्या जातीला मनगटी घड्याळाचं नाव मिळालं होतं. आता ती घड्याळातच येऊन बसली.

बाहेर बाकावर सडक अर्जुनीकडचे एक म्हातारबुवा गाल धरून बसले होते. आतून भाच्याचा आवाज आला, "चिन्नोर दे थोडा. आणि एचएमटी संपत आला, लिहून ठेव."

म्हातारबुवांनी गालावरचा हात काढला, खोलीकडे पाहिलं आणि मला विचारलं, "काय भावानं चाललाय जी?"

मी बोलू शकत नव्हतो. आतून ताईच ओरडली, "नमुना आहे बाबा, विकायचा नाही!"